टायरमधील फिलर : ताणबळाचा आकडा पुरेसा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञानविषयक पानावर टायरच्या रबराविषयी अधूनमधून बातम्या येतात. त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. अमुक एक नवी पूड, म्हणजे फिलर, नैसर्गिक रबरात मिसळली, रबराची ताकद इतक्या टक्क्यांनी वाढली आणि त्यामुळे टायर आता अधिक टिकाऊ होणार. ही पूड कधी ग्रॅफीनची, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थरांची, असते, कधी भाताच्या तुसाच्या राखेची, तर कधी लाकडातून निघणाऱ्या लिग्निनची. यामागचे संशोधन खोटे असते असे माझे म्हणणे नाही. परंतु ‘टायर टिकाऊ होणार’ हा जो निष्कर्ष बातमीच्या शेवटी काढला जातो, तो त्या प्रयोगातून बहुतेक वेळा निघतच नाही. टायरसाठी रबराची मिश्रणे तयार करण्याच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेला वाचक म्हणून यामागची कारणे जरा सविस्तर मांडू इच्छितो.

पहिली गोष्ट म्हणजे नैसर्गिक रबर हा मुळात दुबळा पदार्थ नाही. रबराच्या झाडाच्या चिकातून मिळणाऱ्या या पदार्थाचे रेणू अत्यंत लांब आणि रचनेने विलक्षण एकसारखे असतात. त्यामुळे रबर बरेच ताणले की ते एका दिशेने रांगेत येतात आणि त्यांतला काही भाग तिथल्या तिथे स्फटिकरूप धारण करतो. ताण सोडला की हे स्फटिक नाहीसे होतात. भेग ज्या टोकाशी पुढे सरकू पाहते तिथे ताण सर्वांत जास्त असतो, म्हणून स्फटिकही तिथेच सर्वाधिक तयार होतात आणि भेगेची वाट अडवतात. गंधक घालून तापवून व्हल्कनाइझ केलेले, म्हणजे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जोडलेले, पण कोणताही फिलर नसलेले नैसर्गिक रबर तुटेपर्यंत ओढले, तर ते २० मेगापास्कलहून अधिक ताणबळ दाखवू शकते. स्टायरीन-ब्युटाडाईन या कृत्रिम रबराचे रेणू अनियमित असल्यामुळे त्याला ही सोय नाही. फिलरवाचून ते दोन-तीन मेगापास्कललाच तुटते आणि योग्य कार्बन ब्लॅक, म्हणजे खास तयार केलेली काजळी, मिसळल्यावर मात्र २० च्या पुढे जाते. फिलरमुळे ताकद कित्येक पटींनी वाढते, हे विधान त्या रबराच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. नैसर्गिक रबरात तोच आकडा थोडाफार वर सरकतो आणि फिलरचे प्रमाण जास्त झाले तर खालीही येतो. थोडक्यात, ज्या गुणाची या रबराला उणीव नव्हती तोच गुण वाढल्याची बातमी आपण छापत असतो. शिवाय रस्त्यावर धावणाऱ्या टायरचे रबर आपल्या लांबीच्या पाच-सहा पट कधीच ताणले जात नाही. प्रयोगशाळेतली पट्टी मात्र त्या सुमारास तुटते आणि तोच आकडा मथळ्यात येतो.

मग नैसर्गिक रबराला फिलर हवा कशाला? झीज रोखण्यासाठी, पुरेसा ताठपणा येण्यासाठी आणि दगडगोट्यांनी ट्रेडचे, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थराचे, लचके तुटू नयेत म्हणून. सुरुवातीच्या काळातील टायर पांढुरके असत, कारण त्यांत झिंक ऑक्साइड घातलेले असे. १९०४ साली लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील रबर कारखान्यात एस. सी. मोट या रसायनतज्ज्ञाने कार्बन ब्लॅकचा रबरावरील परिणाम हेरला आणि पुढच्या दशकात अमेरिकेतील टायर उत्पादकांनी ती कल्पना उचलली. टायर तेव्हापासून काळे झाले. लोकांना वाटते तसा हा काळा रंग शोभेसाठी किंवा मळ लपवण्यासाठी नाही. तो काढून घेतला तर ट्रेड इतक्या झपाट्याने झिजेल की असा टायर विकणेच अशक्य होईल.

कार्बन ब्लॅक इतका उपयोगी का, हे समजण्यासाठी त्याचा कण पाहावा लागतो. भट्टीत तेल अपुऱ्या हवेत जाळून तयार होणारी ही काजळी साधी धूळ नसते. तिचे मूळ कण काही दशनॅनोमीटर आकाराचे असतात आणि ते एकमेकांना कायमचे चिकटून द्राक्षांच्या घडासारखे पुंजके बनवतात. रबराच्या कारखान्यात एन११०, एन२२०, एन३३०, एन५५०, एन६६० अशी नावे ऐकू येतात. ढोबळमानाने आकडा जितका लहान, तितका कण बारीक आणि पृष्ठभाग मोठा. एन२२० या प्रकाराच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरहून अधिक भरतो. ट्रकच्या ट्रेडमध्ये शंभर भाग रबराला साधारण पन्नास भाग कार्बन ब्लॅक असतो, म्हणजे एक किलो रबरामागे अर्धा किलो. एवढ्या फिलरचा एकूण पृष्ठभाग साडेपाच हेक्टरच्या आसपास जातो आणि तो सगळा त्या एक किलो रबराच्या रेणूंना चिकटण्यासाठी उपलब्ध असतो. फिलरची खरी किंमत याच सीमेवर ठरते.

ही सीमा डोळ्यांना दाखवणारा एक जुना आणि सोपा प्रयोग आहे. व्हल्कनाइझ न केलेल्या, फिलरविरहित रबराचे बारीक तुकडे करून तारेच्या जाळीत बांधावेत आणि काही दिवस टोल्युइन या द्रावकात बुडवून ठेवावेत. रबर विरघळून जाळी जवळपास रिकामी होते. कार्बन ब्लॅक नीट मिसळलेल्या रबराचे तुकडे तसेच ठेवले, तर जाळीत एक फुगलेला, जेलीसारखा काळा गोळा शिल्लक राहतो. द्रावक बदलत राहिले तरी तो सुटत नाही. फिलरच्या पृष्ठभागाने जे रबर धरून ठेवले आहे, तेच हे. याला बद्ध रबर म्हणतात. नव्या फिलरविषयीच्या अहवालात बद्ध रबराचा उल्लेखच नसेल, तर अनुभवी माणसाला तिथेच शंका येते. चुनखडीची पूड किंवा साधी चिनी माती रबरात कितीही घातली तरी हा गोळा फारसा जमत नाही. ती जागा भरते, खर्च वाचवते, पण झीज थांबवत नाही.

आता अडचणीची बाजू. फिलरचे पुंजके रबराला धरतात तसेच ते एकमेकांनाही धरतात आणि रबरभर एक अदृश्य जाळे तयार होते. टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना दबतो आणि सुटताना सैल होतो. त्या प्रत्येक फेऱ्यात, गर्दीत हात धरून उभ्या असलेल्या माणसांची साखळी धक्का लागताच सुटावी आणि लगेच पुन्हा जुळावी, तसे हे जाळे तुटते आणि जुळते. या तोडजोडीत खर्च झालेली ऊर्जा उष्णता होऊन रबरातच राहते. विरूपण थोडेसे वाढले की फिलरयुक्त रबराचा ताठपणा झपाट्याने उतरतो. १९६० च्या दशकात त्याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पेन यांच्या नावाने तो परिणाम ओळखला जातो आणि टायरवाल्यांचा निम्मा वेळ तो कमी करण्यातच जातो. चाक फिरत ठेवण्यासाठी टायरच जी ऊर्जा खाऊन टाकतो, म्हणजे ज्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात, तिचा मोठा वाटा याच तोडजोडीतून येतो. इंधनाच्या वापरावर त्याचा थेट परिणाम होतो हे वेगळे सांगायला नको.

अवजड वाहनाच्या जाड टायरमध्ये ही उष्णता आणखी घातक ठरते, कारण रबर उष्णतेचे वाईट वाहक आहे आणि आत साठलेली ऊब बाहेर पडायला वाट नसते. गुडरिच फ्लेक्सोमीटर नावाच्या यंत्रात सुमारे २५ मिलिमीटर उंचीचा रबराचा ठोकळा सेकंदाला तीस वेळा दाबला जातो. वाईट मिश्रणाचा ठोकळा काही वेळाने बाहेर काढून आडवा कापला तर बाहेरून तो ठणठणीत दिसतो, पण मध्यभागी बारीक छिद्रे पडलेली असतात आणि रबर चिकट झालेले असते, इतके की बोटाला लागते. नैसर्गिक रबरात गंधकाचे बंध उष्णतेने मोडण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने हा धोका आणखी वाढतो. अशा ठोकळ्याच्या शेजारी ‘ताणबळ वाढले’ असा तक्ता ठेवला, तर दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवायचा हे कोणीही सांगेल.

याच उष्णतेवरचा उपाय म्हणून सिलिका, म्हणजे वाळूपासून बनवलेली बारीक पूड, फिलर म्हणून पुढे आली. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे, गट असतात. ते एकमेकांना आणि हवेतील ओलाव्याला घट्ट धरतात, तेलकट स्वभावाच्या रबराशी मात्र त्यांचे जमत नाही. म्हणून दोघांना सांधणारे सिलेन वापरावे लागते. त्याचे एक टोक सिलिकाशी अभिक्रिया करते आणि दुसऱ्या टोकाचे गंधक व्हल्कनायझेशनच्या वेळी रबराच्या रेणूला जोडले जाते. मिशेलिनने १९९२ च्या सुमारास कारच्या टायरमध्ये हे तंत्र बाजारात आणले, तेव्हा ओल्या रस्त्यावरची पकड न गमावता रोलिंग रेझिस्टन्स सुमारे २० टक्क्यांनी कमी करता आला. पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि झीज या तिघांपैकी एक सुधारले की दुसरे बिघडते, हा त्या आधीचा नेहमीचा अनुभव होता. म्हणूनच त्या यशाचे एवढे कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

परंतु सिलिकाचे मिश्रण सुखासुखी होत नाही. मिक्सरमधील तापमान साधारण १४० ते १६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात काही मिनिटे टिकवून धरावे लागते. त्याखाली सिलिका आणि सिलेनची अभिक्रिया पुरी होत नाही. त्यावर गेले तर सिलेनमधले गंधक वेळेआधीच मोकळे होते आणि रबर मिक्सरमध्येच व्हल्कनाइझ होऊ लागते. अभिक्रियेतून इथेनॉल बाहेर पडते, त्यामुळे सिलिकाचा घाणा मिक्सरमधून खाली पडताना त्या परिसरात स्पिरिटचा वास येतो. तो पुढच्या टप्प्यात, टायरला आकार देताना यायला लागला, तर मिक्सिंग अर्धवट झाले आहे असे समजावे. सिलिकाचा आणखी एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती वीजरोधक असल्याने धावत्या गाडीत साठलेला स्थितिक विद्युतभार रस्त्यात उतरेनासा होतो. म्हणून सिलिकाच्या ट्रेडमध्ये संपूर्ण घेराभोवती कार्बन ब्लॅकच्या रबराची एक बारीक पट्टी मुद्दाम सोडावी लागते.

आणि हे सारे यश प्रामुख्याने कृत्रिम रबराचे आहे, हे बातम्यांतून नेहमी गळते. कारच्या ट्रेडमध्ये स्टायरीन-ब्युटाडाईन आणि पॉलिब्युटाडाईन यांचे मिश्रण असते, आणि त्यांच्या रेणूंच्या टोकांना सिलिकाशी जुळणारे रासायनिक गट कारखान्यातच बसवता येतात. नैसर्गिक रबर झाडाकडून येते. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग रबराचा असला तरी उरलेल्या भागात प्रथिने आणि मेदद्रव्ये असतात. ती सिलिकाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि सिलेनची जागा अडवतात. उच्च तापमानाला नैसर्गिक रबराचे रेणू तुटतात, ही आणखी एक कटकट. यामुळेच नैसर्गिक रबरावर अवलंबून असलेल्या ट्रकच्या ट्रेडमध्ये कार्बन ब्लॅकचे राज्य अजून पुष्कळ अंशी टिकून आहे. खाणीत किंवा खडकाळ रस्त्यावर चालणाऱ्या टायरमध्ये कार्बन ब्लॅकच्या जोडीला थोडी सिलिका घालतात. तिने रबर फाटण्याला आणि लचके तुटण्याला चांगला विरोध होतो. संपूर्ण बदल मात्र तिथे सोपा नाही.

माझ्या मते नैसर्गिक रबराच्या संशोधनाचा रोख इथे असायला हवा. नव्या पुडीच्या शोधापेक्षा फिलर आणि नैसर्गिक रबर यांच्यातला सांधा सुधारण्याचे काम अधिक फळ देणारे आहे. त्याच्या दोन वाटा आधीच चोखाळल्या गेल्या आहेत. एक म्हणजे चिकाच्या अवस्थेतच रेणूंवर ऑक्सिजनचे गट बसवून केलेले इपॉक्सिडाइझ्ड नैसर्गिक रबर; ते सिलिकाशी स्वतःहून जुळते आणि सिलेनवाचूनही चांगली बळकटी दाखवते, मात्र गट जितके जास्त बसवावेत तितके रबर थंडीत लवकर कडक होते. दुसरी वाट द्रवरूप मिश्रणाची. पाण्यात फेटलेला फिलर आणि रबराचा चीक एकत्र आणून एकदम गोठवायचा, म्हणजे कोरड्या मिक्सरमध्ये रबराला जो मार खावा लागतो तो वाचतो आणि फिलर कमी श्रमात समान पसरतो. कार्बन ब्लॅकसाठी ही पद्धत औद्योगिक पातळीवर वापरली गेली आहे. या कामांत चमकदार मथळा नाही हे मला मान्य आहे; टायर मात्र याच कामांनी सुधारतो.

फिलर किती समान पसरला आहे, याकडेही बातम्यांत पुरेसे लक्ष दिले जात नाही. व्हल्कनाइझ केलेला नमुना नव्या ब्लेडने एका झटक्यात कापून कापलेला भाग तिरप्या उजेडात भिंगाखाली धरला, तर चांगले मिश्रण सपाट आणि गुळगुळीत दिसते. वाईट मिश्रणात न फुटलेल्या ढेकळांचे उंचवटे आणि ती निखळून पडलेले खड्डे दिसतात. भेग अशाच ढेकळापाशी सुरू होते. ग्रॅफीन आणि कार्बन नॅनोट्यूबची खरी अडचण हीच आहे. सुटा कण अद्भुत गुणांचा असतो, पण रबरात तो सुटा राहायला तयार नसतो. थर पुन्हा थरावर बसतात, नळ्या एकमेकींत गुंततात, मिश्रण घट्ट होऊन यंत्रातून निघेनासे होते आणि मग कागदावरचे गुण कागदावरच राहतात. थोड्या प्रमाणात, सायकलच्या शर्यतीच्या टायरसारख्या ठिकाणी, ग्रॅफीनचा वापर झालेला आहे. त्यावरून ट्रकच्या टायरविषयी बोलणे घाईचे ठरेल. लिग्निनबद्दल एवढेच म्हणतो की त्याचा रबराशी सांधा अजून कच्चा आहे.

टाकाऊपासून टिकाऊ या प्रकारच्या बातम्यांबाबत थोडे थांबायला हवे, कारण त्यांत तथ्य आहे आणि गफलतही आहे. भाताचे तूस जाळले की वजनाच्या सुमारे एक पंचमांश राख उरते आणि तिच्यात सिलिकाचे प्रमाण ८५ ते ९५ टक्के असते. ही राख दळून तशीच रबरात टाकली तर तिचे काम भरणीपुरते राहते. ती कॉस्टिक सोड्यात विरघळवून, त्या द्रावणातून आम्लाने सिलिका पुन्हा अवक्षेपित केली, तर ती वाळूपासून बनवलेल्या सिलिकाच्या तोडीची होते आणि वाळू व सोडा १३००-१४०० अंशांच्या भट्टीत वितळवण्याची ऊर्जा वाचते. काही मोठ्या टायर कंपन्या अशी सिलिका वापरतातही. दोन्ही गोष्टी ‘तुसापासून टायर’ याच मथळ्याखाली येतात, वास्तविक त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. शिवाय तूस सातशे-आठशे अंशांच्या पलीकडे जाळले तर राखेतील सिलिका स्फटिकरूप होऊ लागते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते, हेही वाचकांना कळले पाहिजे.

जुने टायर ऑक्सिजनविरहित भट्टीत तापवून मिळणाऱ्या कार्बन ब्लॅकचेही तसेच. तो मिळतो तेव्हा त्यात टायरच्या सगळ्या भागांतले वेगवेगळे प्रकार एकत्र झालेले असतात, मूळ टायरमधली सिलिका आणि झिंक राखेच्या रूपाने उतरलेले असतात आणि कणांच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर बसलेला असतो. नव्या कार्बन ब्लॅकमध्ये राख एक टक्क्याहून कमी असते; यात ती पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ज्या पृष्ठभागाच्या जोरावर बळकटी येते तोच झाकला गेल्याने ट्रेडसाठी तो कमी पडतो, पण टायरच्या आतल्या भागांत, चटयांत, होज पाइपमध्ये त्याला नक्कीच जागा आहे. तेवढे सांगितले तरी त्या उद्योगाचे महत्त्व कमी होत नाही.

म्हणून अशी बातमी छापताना आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना काही प्रश्न विचारावेत, अशी विनंती आहे. तुलना कशाशी केली? फिलर नसलेल्या रबराशी केलेली तुलना टायरच्या दृष्टीने निरर्थक आहे; ती एन२२० किंवा एन३३० च्या प्रचलित मिश्रणाशी आणि समान कठीणपणा राखून केलेली असली पाहिजे. फिलरने व्हल्कनायझेशनच्या वेगावर परिणाम केला का, हेही विचारावे, कारण सिलिकासारखे पदार्थ व्हल्कनायझेशनला वेग देणारी प्रवेगक रसायने शोषून घेतात, राखेतले क्षार उलट परिणाम करतात आणि मग दिसणारा फरक फिलरचा आहे की गंधकाच्या बंधांच्या कमीजास्त संख्येचा, हे कळेनासे होते. रोलिंग रेझिस्टन्सचा अंदाज येण्यासाठी साठ अंश सेल्सिअसच्या आसपास रबरात ऊर्जेचा किती ऱ्हास होतो, ते विचारावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न झिजेचा. प्रयोगशाळेत सोळा मिलिमीटर व्यासाचा रबराचा ठोकळा दहा न्यूटन भाराखाली खरकागदावरून चाळीस मीटर घासतात आणि किती घनमिलिमीटर रबर गेले ते मोजतात. ही चाचणी झटपट होते आणि कारखान्यात दर्जा राखायला ठीक आहे. पण खरकागद म्हणजे रस्ता नव्हे, तिथे तापमान, घसरण आणि ओलावा पदोपदी बदलतात, आणि चाचणीत पुढे असलेले मिश्रण रस्त्यावर मागे पडल्याची उदाहरणे या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिली आहेत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या युरो ७ नियमांत टायरच्या झिजेवर प्रथमच मर्यादा घालण्याची तरतूद झाल्यामुळे तर हा प्रश्न टायर उद्योगाबाहेरही गेला आहे. याची शहानिशा करण्याची एक खात्रीची रीत आहे. एकाच टायरच्या ट्रेडचे घेरातून भाग पाडून एका भागात जुने आणि दुसऱ्यात नवे मिश्रण बसवायचे, टायर प्रत्यक्ष वाहनाला लावून हजारो किलोमीटर चालवायचा आणि दोन्ही भागांतल्या खाचांची उरलेली खोली मोजायची. वाहन, चालक, रस्ता, पाऊस सगळे समान राहत असल्यामुळे फरक असेल तर तो मिश्रणाचाच असतो. अशी चाचणी झालेली असेल तर बातमीत तिचा आकडा द्यावा आणि झालेली नसेल तर ‘प्रयोगशाळेतील प्राथमिक निष्कर्ष’ एवढे शब्द मथळ्यातच घालावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रबर मिश्रणांच्या क्षेत्रातील एक निवृत्त तंत्रज्ञ